चोर्ल्याचा घाट आणि एक लिटर पेट्रोल

आमच्या गाडीच्या कप्प्यात एक वही असते. पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि लिटर तीत टिपून ठेवायचे, हा आमचा २०१२ पासूनचा नेम. हजेरीपत्रकात आयुष्य गेलेल्या माणसाचे हे खूळ आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत असून ते खोडून काढण्याचा प्रयत्न आम्ही कधी केलेला नाही. परंतु वहीला कारण आहे. आमच्या थोरल्या ताई डिचोलीस राहतात. मेहुणे गेल्यापासून त्या एकट्याच आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून आमची महिन्याची एक फेरी दोनांवर गेली. बेळगावहून डिचोली म्हणजे जाऊन-येऊन एकशे सत्तर किलोमीटरांच्या आसपास. मुख्याध्यापकाच्या पगारात हा खर्च बसतो, नाही असे नाही. पण थोडक्याच वर्षांत पगाराच्या जागी निवृत्तिवेतन येईल आणि ताईंचे वय तर वाढतच जाणार. तेव्हा फेऱ्या कमी होऊ द्यायच्या नसतील, तर पेट्रोल जपून वापरले पाहिजे, हे गणित आम्ही आधीच मांडून ठेवले आहे.

यात अडचण एवढीच की आम्हांस गाडी चालवण्याची आवड आहे. उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर शिकल्यामुळे असेल. पण स्टिअरिंग हाती आले की मनाला जी तरतरी येते, ती शाळेच्या वार्षिक तपासणीनंतरच्या सुटकेखेरीज दुसऱ्या कशानेही येत नाही. आणि ही आवड व ती वही यांचे जमावे कसे, हा प्रश्न या रस्त्यानेच आमच्यापुढे टाकला, व उत्तरही पुष्कळसे त्यानेच दिले.

पिरनवाडी सोडली की शहराचा गजबजाट मागे पडतो. किणये येते, कुसमळीजवळ मलप्रभेचा पूल येतो, मग जांबोटी. येथवरचा रस्ता शेताशिवारांतला. पुढे झाडी दाट होत जाते, आणि कणकुंबीला पोहोचेपर्यंत उन्हाळ्यातसुद्धा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा गुण बदललेला असतो. कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगमही तेथेच. हे पाणी पूर्वेकडे निघते ते कूडलसंगमास कृष्णेला मिळते. आणि तेथून थोडेच पुढे गेले की डोंगरावर पडलेला पाऊस म्हादईच्या वाटेने अरबी समुद्राकडे वळतो. जलविभाजक हा शब्द आठवीच्या वर्गापुढे आम्ही किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! तो आमच्या पायाला कळला तो मात्र या रस्त्यावर, कारण चोर्ल्याच्या पुढे ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप हलका होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून थोडे उंच. घाटमाथा त्याच पातळीला धरून राहतो, आणि मग काही किलोमीटरांच्या वळणांत ही सारी उंची रस्ता एकदम सोडून देतो. एका वळणावर झाडी बाजूला सरते आणि खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसते. ते दिसले की सौभाग्यवती पिशवीतून डबा काढतात.

याच उतारावर आम्ही पहिली मोठी चूक केली. आमच्या लहानपणी एक काका होते. त्यांच्या फियाटमधून आम्ही अनमोडच्या घाटाने गोव्यास जात असू. उतार लागला की काका इंजिन बंद करीत, गाडी न्यूट्रलमध्ये टाकीत आणि विजयी मुद्रेने म्हणत, "बघ, फुकट चाललो आहोत!" ती फुकटची शांतता, टायरांचा नुसता सरसर आवाज, मनात इतका ठसला होता की स्वतःची गाडी आल्यावर, पहिल्याच वर्षी, आम्ही चोर्ल्याच्या उतारावर तेच केले. इंजिन बंद केले नाही एवढेच. न्यूट्रल मात्र टाकला. चारपाच वळणे मजेत गेली. मग जळका वास आला. आम्हांला वाटले रानात कोठे तरी वणवा असावा. पुढल्या वळणावर ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल गेला, त्याच्या पुढल्या वळणावर आणखी खोल, आणि वाळूचा भरलेला एक ट्रक समोरून वर येत होता. दुसरा गिअर कसा पडला ते आज सांगता येणार नाही. गाडी कुरकुरली, ओढली गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला होता. तो जागाही झाला नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी डबा उघडला गेला नाही.

साखळीच्या मेस्त्रीने चाके तपासली, आमच्या हुद्द्याची चौकशी केली आणि म्हणाला, "मास्तर, ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरायचं." हे वाक्य आम्ही पुढे पुष्कळांना ऐकवले आहे. ब्रेक म्हणजे शेवटी घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. टनभर गाडीचा सारा उतार ब्रेकवर लादला तर ते तापून निकामी होणारच. इंजिन गिअरात असले म्हणजे ते स्वतःच गाडीला मागे धरून ठेवते. इंजिन बंद करणे तर याहून वाईट, कारण आजच्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाच्या निर्वात दाबाची मदत असते. इंजिन थांबले की दोनतीन दाबांत ती संपते.

खरी गंमत पुढेच आहे. मुलगा अभियांत्रिकीला गेल्यावर त्याने आम्हांस सांगितले की काकांची युक्ती कार्ब्युरेटरच्या गाडीपुरती हिशेबाला ठीक होती. इंजेक्शनच्या गाडीत मात्र ती उलटी पडते. गाडी गिअरात असून पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, तर आतली यंत्रणा पेट्रोल बंदच करते. इंजिन फिरते ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रलमध्ये मात्र बिचाऱ्याला स्वतःच जिवंत राहायचे असते, म्हणून ते थोडे थोडे पीतच राहते. म्हणजे कठड्यापर्यंत गेलो ते बचतीसाठी, आणि बचत तर नव्हतीच!

त्या दिवसापासून आम्ही वही नव्या नजरेने वाचू लागलो. त्या वेळी लिटरला सोळा किलोमीटरांची सरासरी पडे. जाते कोठे, हे पाहू गेल्यावर घाटावरचा आमचा संशय फिटला. बेळगाव ते जांबोटी या सपाट पट्ट्यातच आम्ही खरे उधळे होतो. पुढच्या टेम्पोला गाठायचे, त्याच्या मागे ब्रेक दाबायचा, संधी मिळताच झेप घ्यायची, की लगेच पुढे गतिरोधक. प्रत्येक ब्रेक म्हणजे विकत घेतलेला वेग पुन्हा उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर सोडून देणे. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: साठऐवजी ऐंशीने गेलो तर तो पावणेदोन पटींहूनही अधिक. आता आम्ही साठीच्या आत-बाहेर असतो, टायरांतली हवा महिन्यातून दोनदा पाहतो, टिळकवाडीचे रेल्वे फाटक पडलेले दिसले तर इंजिन बंद करतो. आणि दूरवर पाहतो. गाव येणार असेल तर पाय आधीच उचलतो. गतिरोधकापर्यंत गाडी आपसूक मंदावत येते, आणि ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, तो ओलांडला गेला की जे समाधान होते ते झेप घेण्यातल्या समाधानापेक्षा उणे नाही. सरासरी पावणेएकोणिसावर आली. सहा फेऱ्यांच्या पेट्रोलात सातवी होते.

राहिला परतीचा चढ. तेथे आम्ही कंजूषपणे, चौथ्या गिअरात, इंजिनाला धापा टाकायला लावीत चढत असू. एकदा ताईंच्या ओसरीवर बसून हिशेब केला. माणसे-सामान धरून गाडी अकराशे किलो. चढ सातशे मीटरांचा. लिटरभर पेट्रोलातल्या शक्तीपैकी फार तर पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर नुसत्या उंचीपोटी सुमारे एक लिटर जाते. सावकाश गेलो तरी ते द्यावेच लागते, उमेदीने गेलो तरी फारसे वाढत नाही. घाटाचे भाडे उंचीवर ठरते! हे कळले तेव्हा आम्हांस शाळेला अनपेक्षित सुट्टी मिळाल्यासारखे वाटले. तेव्हापासून केरी सोडली की आम्ही वही विसरतो. वळणाआधी दुसरा, वळणातून बाहेर पडताना भरदार ओढ, मग तिसरा. इंजिनाचा आवाज मोकळा, खिडक्या उघड्या. कोणी घाईत असेल तर त्याला हात दाखवून पुढे जाऊ देतो, आणि पुन्हा आपला सूर धरतो. पावसाळ्यात मात्र यातले काही नाही. धुके उतरले की समोरची पांढरी रेघ दिसते आहे तोवर चालायचे, नाही दिसली तर थांबायचे; पेट्रोल आणि आनंद दोन्ही त्या दिवसापुरते बाजूला.

२०१२ च्या एप्रिलात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा बेळगावच्या गाड्या परतताना साखळी-डिचोलीला टाक्या काठोकाठ भरीत. आम्हीही भरली. भरलेली टाकी म्हणजे पंचवीसएक किलो ओझे घाटावर चढवायचे, हे लक्षात यायला आम्हांस वर्ष लागले. तोटा नाममात्रच होता, पण खाडाखोड वहीत आहे.

ओझ्याचा खरा प्रश्न ताईंचा. निघताना त्या काठी टेकत मागच्या दाराशी येतात आणि डिकीत नारळ भरायला लावतात. गेल्या खेपेला मोजले, वीस होते. त्यावर फणस.

"ताई, गाडीला चढायचे आहे," आम्ही म्हणालो.

"चढेल रे," त्या म्हणाल्या. "आणि पुढल्या रविवारी येताना रिकामी पोती घेऊन ये. सुपाऱ्या काढायच्या आहेत."

पुढला रविवार म्हणजे महिन्यातली तिसरी फेरी. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही फणस सरळ करून डिकी लावली, आणि केरीच्या पुढे पहिल्या वळणाला दुसरा गिअर टाकला.