शिंकांवरची सुई : कोणती आणि कशासाठी?

पावसाळ्यात आमच्या राहुरी भागात बांधाबांधावर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून येते आणि माझ्या शिंका सुरू होतात. हे गवत अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे पराग नाकात गेले की अनेकांना ॲलर्जी होते. खुरपणीला जावे तर रात्रभर नाक चोंदते. न जावे तर रोज बुडतो.

आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, अशी समजूत आहे. पण सुई-सुईत फरक असतो.

पहिली सुई एव्हिलसारख्या औषधाची. तिने शिंका काही तास थांबतात आणि झोप येते. त्या गुंगीत विळा-कोयता हाती धरणे धोक्याचे.

दुसरी स्टेरॉईडची. एका सुईत कित्येक आठवडे आराम पडतो, म्हणून तीच लोकांना आवडते. माझ्या जाऊबाईंना बाजारच्या गावी एक डॉक्टर दर हंगामात ती देत. कसली सुई, हे त्यांनी कधी सांगितले नाही. जाऊबाईंना मधुमेह आहे. सुई घेतली की त्यांची साखर चढे. कारण मात्र फार उशिरा कळले. ही सुई वरचेवर घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, हाडे ठिसूळ होतात. म्हणून नाकाच्या ॲलर्जीला ती देऊ नये, असेच तज्ज्ञ सांगतात.

तिसरी सुई वेगळीच. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क थोडाथोडा टोचून पाहिला. ज्याचा त्रास, त्याचीच शरीराला सवय लावायची, ही त्यामागची कल्पना. आधी कातडीवर चाचणी करतात. मग सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला सुई, अशी तीन ते पाच वर्षे. बंद केल्यावरही गुण काही वर्षे टिकू शकतो. पण क्वचित अंगावर जोराची रिॲक्शन येते. म्हणून ही सुई ॲलर्जीच्या जाणकार डॉक्टरकडेच घ्यावी आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. दमा आटोक्यात नसेल तर ती घेऊ नये.

नगरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांपुढे मी माझी अडचण मांडली : "दर आठवड्याला यायचे म्हणजे एक रोज आणि एसटीचे भाडे." ते म्हणाले, "बाई, आधी नाकात मारायचा फवारा रोज वापरा. गुण आला नाही तर सुईचे पाहू." त्या फवाऱ्यातही स्टेरॉईडच असते, पण अगदी थोडे, आणि ते मुख्यतः नाकातच काम करते. पहिल्याच दिवशी फरक पडत नाही, नेमाने मारावा लागतो. माझ्या शिंका निम्म्यावर आल्या आहेत. खुरपताना तोंडा-नाकाला ओले फडके बांधते.

भगिनींनो, सुईला नाही म्हणू नका. पण हात पुढे करण्याआधी औषधाचे नाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधीच सांगा. आपल्या अंगात काय जाते, हे विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा!