हाफ तिकीट, नांदगाव खंडेश्वर!

वीकेंडला पुन्हा लोणावळा? बोअर! यंदा श्रावणात मी चक्क नांदगाव खंडेश्वर गाठलं. आता ‘हे कुठे आलं?’ म्हणून लगेच मॅप उघडू नका. पुण्याहून रात्रीची ट्रेन पकडून अमरावती, तिथून यवतमाळ रोडची लालपरी. दोन्ही बाजूंना हिरवंगार सोयाबीन, मध्येच कपाशी. एकदम फ्रेश!

कंडक्टरने मला अर्धं तिकीट दिलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. मागच्या सीटवरचे काका पुटपुटले, ‘‘पुरे पैसे आमी देऊन राह्यलो, अन् जागा बायायले!’’ मला त्यांची कीव आली. थोडीशीच हं. कारण माझ्या सॅकमध्ये एक गुलाबी रेझर होता. त्याचा निळा भाऊ त्याच शेल्फवर १५ रुपयांनी स्वस्त होता. ब्लेड तेच, मूठ तीच. पण ‘फॉर हर’!

याला म्हणतात पिंक टॅक्स. नावात टॅक्स असला तरी पैसा सरकारकडे जात नाही, कंपनीकडेच राहतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्राहक विभागाने सुमारे ८०० वस्तू तपासल्या, तेव्हा बायकांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. शाम्पू-रेझरसारख्या गोष्टी तर १३ टक्के. (खराखुरा टॅक्सही आपण भरलाय. जुलै २०१७ पासून वर्षभर सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी होता!)

हे ग्यान मी शेजारच्या मावशींना सोप्या भाषेत ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘आमचं तं उलटं हाय, माय. घ्याले जास्त नाही लागत, भेटतेच कमी.’’ त्या निंदायला जातात. पुरुषांकडे फवारणी, डवरणी, बायकांकडे निंदण. ‘‘मानसाची रोजी जास्त. काऊन, तं म्हंते, त्यायचं काम येगळं हाय. बाया बसून करते! दिवसभर वाकून पाहा म्हना एकडाव.’’

मला एकदम रेझर आठवला. ट्रिक तीच की! वस्तू वेगळी म्हटली की भाव वेगळा लावता येतो, काम वेगळं म्हटलं की मजुरी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, पण काम ‘समान’ ठरवायचं कुणी? फरक इतकाच की गुलाबी रेझर मी परत ठेवू शकत होते. मावशी निंदण कुठे परत ठेवणार?

गावात खंडेश्वराचं यादवकालीन हेमाडपंती देऊळ बघितलं. काळा दगड, आत गारवा, शांतता. आवर्जून बघा. उतरल्यावर किराणा दुकानात गेले. दारात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकलेली, त्यात ‘ही’ आणि ‘शी’ काही नाही. रेझर मागितला तर दुकानदाराने निळाच दिला आणि ओशाळून म्हणाला, ‘‘ताई, हा जेन्ट्सचा आहे, चालते का?’’ चालतेच काय, धावते!

परतीच्या स्टँडवर मावशी पुन्हा भेटल्या, हातात औषधाची पिशवी. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘‘कापाले किती घेते वं पुन्यात?’’

माझ्या सलूनमध्ये मुलांच्या कटला जेवढे घेतात, त्याच्या दुप्पट माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांना. मी मुलांचा रेट सांगितला.

‘‘अवं माय!’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दोन दिवसाची रोजी!’’