हर्णैचे बंदर आणि तीन गोळ्या

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक इच्छा बोलून दाखवली. "एकदा हर्णैचे बंदर पुन्हा पाहायचे आहे." १९६४ साली ते केळशीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले होते. तीन वर्षांनी बदली झाली आणि त्या किनाऱ्याकडे पुन्हा जाणे झालेच नाही. आज त्यांचे वय ८३ आहे. हृदयाची शक्ती कमी झाली आहे, रक्तदाबही आहे. परंतु औषधे नियमित असल्याने सकाळचा फेरफटका सुटत नाही. मी स्वतः डॉक्टर. रक्तदाबाचे यंत्र, जुने रिपोर्ट, औषधांचे दोन संच असे सारे मी बरोबर घेतले. तयारी चोख झाली, असा माझा समज होता.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे आम्ही श्रीवर्धनला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीवना बंदरावर गेलो. होड्यांच्या सावलीत सत्तरी ओलांडलेले चार-पाच कोळी जाळी दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरायचे आणि फाटलेला घर नव्या दोऱ्याने भरून काढायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. एरवीही ते संपत नाही. समुद्रावर जाणे थांबलेल्या या वृद्धांचे घरातले स्थान मात्र सुटलेले नव्हते. अण्णा त्यांच्याशेजारी बराच वेळ बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडीसह फेरीबोटीत चढलो. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. उजव्या हाताला टेकडीवर बाणकोटचा किल्ला दिसत होता. वेसवीला उतरून केळशी गाठली. शाळेच्या फाटकाशी अण्णा काही क्षण नुसते उभे राहिले. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे. "आम्ही इथे तरीतून पलीकडे जायचो, भरती-ओहोटी पाहून निघायचे," ते म्हणाले. पत्नीने दोनदा विचारले, "अण्णा, कुठे थांबायचे आहे का?" दोन्ही वेळा उत्तर एकच : "नको, चालू द्या."

हर्णैला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यालगत कनकदुर्ग, आणि मधल्या वाळूवर माणसांची दाटी. होड्यांतून उतरलेल्या मासळीचे वाटे वाळूवर ओतले जात होते : पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूळ. प्रत्येक वाट्याभोवती कोंडाळे जमे आणि लिलाव सुरू होई. बोली चढवण्यात बायकाच पुढे होत्या. साठीपुढची एक कोळीण भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ओल्या वाळूतून सरळ चालत गेली, तिच्याकडे अण्णा पाहतच राहिले. रात्री घरगुती खाणावळीत त्यांनी आवडीने खारवलेला बांगडा मागून घेतला. साठ वर्षांनी आलेला माणूस. मी अडवले नाही.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. अण्णा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते.

"काय झाले अण्णा?"

"काही नाही रे. लाटा ऐकतोय."

पण वाक्य एका श्वासात पुरे होत नव्हते. दिवा लावून घोट्यावर बोट दाबले, तर खोल खळगा पडला. आडवे झाले की दम लागत होता. आम्ही तत्काळ दापोलीचे रुग्णालय गाठले. तिथे प्राणवायू आणि शरीरातले जादा पाणी काढणारे इंजेक्शन मिळाले. पहाटेपर्यंत श्वास शांत झाला.

सकाळी त्यांचा सदरा बदलताना खिशातून तीन लहान गोळ्या पडल्या. त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या होत्या. निघाल्यापासूनच्या तीन दिवसांच्या. मी पाहिले, तेव्हा त्यांनी मान वळवली. "तू गाडी चालवणार. दर अर्ध्या तासाने तुला कुठे थांबवू? आणि सूनबाईंसमोर सारखे काय सांगायचे?"

तीस वर्षे मी रुग्णांना विचारत आलो आहे, "गोळी घेतली का?" घरच्या रुग्णाला मात्र विचारले नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे औषधांची यादी करताना वाटेतल्या स्वच्छतागृहांची यादी मी केली नव्हती. ती अण्णांनी मनातल्या मनात केली आणि ती अपुरी वाटल्यावर मार्ग काढला. त्यात खाऱ्या माशाची भर पडली. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. निरोगी माणसालाही दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ पुरे असते.

ज्येष्ठांना प्रवासाला नेणाऱ्यांना म्हणूनच काही सांगावेसे वाटते. पाणी काढणारी गोळी कधीही परस्पर टाळू नये. तिचा जोर साधारणतः पहिले काही तास असतो; त्यामुळे ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या भीतीने पाणी पिणेही तोडू नये. हृदयविकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून सर्वांनीच उतरावे आणि चार पावले चालावे. 'थांबायचे का?' असे विचारू नये. त्याला 'नको' हेच उत्तर येते. 'आपण इथे थांबतोय' असे सांगावे. पाय सुजले, झोपल्यावर दम लागू लागला किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोहून अधिक वाढले, तर सहलीचा बेत बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, तिथल्या डॉक्टरांच्या परवानगीने, परतण्याआधी आम्ही पुन्हा हर्णैला गेलो. या वेळी खुर्ची बरोबर होती. त्यात बसून अण्णांनी एका वाट्याचा लिलाव सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहिला. मग दापोली-महाड रस्त्याला लागलो. तासभर झाला असेल, मागच्या आसनावरून आवाज आला, "जरा थांबव रे गाडी." गेल्या सहा दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटले होते. मी लगेच गाडी बाजूला घेतली.