उरलेले ताट

आमच्या विवाहास पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मुलांनी आम्हा उभयतांच्या हाती गोव्याच्या जलसफरीची तिकिटे ठेवली. वाकोल्याहून निघून आम्ही 'एम्प्रेस' जहाजावर चढलो. सप्टेंबर २०२१ पासून या जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या होत्या.

आमचे मन रमले ते तेथील फूड कोर्टात. आपल्या हाताने हवे ते वाढून घ्यावे, पैसे तिकिटातच धरलेले. खास खानावळींना मात्र वेगळा खर्च. आयतेच मिळते म्हणून आम्ही ताटे भरली आणि अर्धी तशीच टाकली.

टेबल आवरणाऱ्या तरुणाने आमचे मराठी ऐकून विचारले, "अंकल, तुम्ही कुठले?"

"वाकोल्याचे."

"माझी मावशी तिथेच राहते, सेंट अँथनी चर्चच्या मागे!"

रात्रीचे साडेअकरा झाले होते. "बाळा, तू जेवलास का?" आम्ही विचारले.

"ड्यूटी सुटली की खाली मेसमध्ये जेवेन, आंटी," असे म्हणत त्याने आमचे उरलेले ताट उचलले. आम्हाला मान वर करवेना.

२००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशांना मोफत जेवण आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती देऊ केली. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. परंतु घासागणिक विचारपूस करणारी आई कोणत्या करारात बसणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही लागेल तेवढेच वाढून घेतले. आता जुलैच्या दुसऱ्या रविवारी, दर्यावर्दींच्या रविवारी, आमच्या घरच्या प्रार्थनेत त्या मुलाचीही आठवण असते.