सामानगडाचं पिस्तूल

"वस्तू अस्सल आहे, गोष्ट तेवढी खोटी," असं एक गृहस्थ आमच्याच सोप्यात बसून, आमचाच चहा पीत म्हणाले. मला ते अजून पचलेलं नाही.

उचगावच्या आमच्या घरात पिढीजात एक ठासणीचं सहाबारी पिस्तूल होतं. परवाना आजोबांच्या नावाचा, मुंबई इलाख्यातला. 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हा तोही आला. खंडेनवमीला हळदकुंकू, निवडणूक लागली की कन्नड नोटीस आणि ठाण्यात जमा. दारू आणि शिशाची गोळी पुढून ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की ती दिवाळीतल्या टिकलीसारखी फुटायची. असल्या टोप्या आता गावात कुणाला ठाऊकही नाहीत, तरी आचारसंहितेला त्याचं भय! आमचे वडील, तात्या, गेल्यावर वारसाचं नाव लावायचं तर सगळ्या भावांची संमती पाहिजे. धाकटा म्हणाला, "असलं ठेवून काय करूलाय्स? विकूया." म्हणून पुण्याकडचे ते संग्राहक आले.

मी त्यांना हकीकत सांगितली. 1844 साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केलं, सामानगडावर इंग्रजांशी झुंज झाली, आणि तिथं आमच्या खापरपणज्यानं एका गोऱ्या अंमलदाराच्या कमरेचं हे ओढून घेतलं. पुरावा? गोळ्यांच्या चक्रावर कोरलेली तारीख, 16 मे 1843. तिच्याबरोबर गलबतांची लढाई: शिडं, धूर, लाटा. तात्या बोटानं दाखवायचे, हे आंग्र्यांचं, हे टोपीकरांचं. बरंच झिजलेलं, पण सकाळच्या उन्हात तिरपं धरलं की शिडाच्या दोऱ्यासुद्धा दिसायच्या.

गृहस्थांनी भिंग लावलं आणि हसले. ही लढाई मेक्सिकोच्या आखातातली म्हणे. कांपेचेजवळ टेक्सासचं आरमार मेक्सिकोशी लढलं, तिची ही तारीख. नळीवर कर्नल कोल्टचं नाव आणि लंडन. नमुना 1851 चा, आणि कोल्टचा लंडनचा कारखाना सुरू झाला 1853 ला. म्हणजे सामानगड लढत होता तेव्हा हे जन्मालाच आलं नव्हतं. बरं, कोरीवकामही हातचं नाही! ऑर्म्सबी नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसानं साचा कोरला. चक्र त्याखाली दाबून फिरवलं की झाली लढाई. अमेरिकेत दोन लाखांवर, लंडनला चाळीस हजारांवर पिस्तुलं निघाली, आणि त्यांच्यावर हीच गलबतं.

मी म्हटलं, मग सत्तावन्नचं असेल. "असेल की. कोल्हापूरची पलटण उठली होती. नरगुंदकर बाबासाहेबांनी 1858 ला पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं. गोरे अंमलदार असली पिस्तुलं स्वतःच्या पैशानं घेऊन यायचे. पण तुमच्याकडं कागद कुठाय?"

कागद! लुटीची पावती देतं का कुणी? आमच्या भागातल्या निम्म्या घराण्यांचा इतिहास तोंडीच आहे, आणि कागदाचा हा हट्ट मला मुळातच मान्य नाही. साल चुकेल, गड चुकेल, पण वस्तू घरात आपोआप आली नाही ना?

पुढचं आणखी वाईट. उडण्याजोगं हत्यार परवान्याशिवाय घेता येत नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही असं पुराणं हत्यारच शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमातून सुटतं. "नळीत भोक पाडून घ्या, बोंडं बुजवा, मग नेतो. पण मग किंमत निम्मीही येणार नाही." परदेशी गिऱ्हाईक बघायचं म्हटलं, तर शंभर वर्षांवरची वस्तू बाहेर न्यायला 1972 च्या कायद्यानं बंदी. म्हणजे जिवंत आहे तोवर सरकारला खुपतं, मारलं की गिऱ्हाइकाला नको. कायदा करणाऱ्यांनी एकदा असलं पिस्तूल ठासून बघावं, तोवर समोरचा चोर पंचनामा उरकून घरी जाईल.

भाऊ भोक पाडायला तयार होते. घटकाभरापूर्वी चारचौघांत मला खोटं पाडणारं ते लोखंड विहिरीत टाकावं असं मलाच वाटत होतं. ड्रिलचं नाव निघाल्यावर मात्र मी ते उचलून मांडीवर घेतलं.

कुणाच्या घरात असलं काही असेल, तर आधी परवान्याचं बघा, संग्राहक मागाहून. आणि ब्रासो लावून चकचकीत करू नका. आमची गलबतं तात्यांच्या आळसामुळंच वाचली.

सध्या ते परवाना असलेल्या एका बंदूकवाल्याकडं जमा आहे. भाडं भावांनी वाटून द्यायचं ठरलंय. धाकट्याचा हिस्सा अजून यायचाय. विकायला नको कोण म्हणालं, त्यानंच भरावं, असं त्याचं म्हणणं.