मेणवलीची घंटा

वाईला येणारे बहुतेक जण ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन महाबळेश्वरचा घाट चढतात. मेणवली तीनेक किलोमीटरवर, तरी राहूनच जाते. मी आज सकाळी मुद्दाम तिथे थांबलो.

नाना फडणवीसांचा वाडा पाहिला. लाकडी खांब, चौकामागून चौक, भिंतींवर विटत चाललेली चित्रं. अभ्यासक ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ते नानांचे कागद याच गावचे. वाड्यामागून पायऱ्या थेट कृष्णेत उतरतात. काळ्या दगडाचा इतका देखणा घाट मी क्वचितच पाहिला आहे.

पण मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो मेणेश्वराजवळच्या घंटेपुढे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया. चर्चमध्ये वाजणारी घंटा शिवालयापाशी टांगली गेली, पण मारियाला कुणी खरवडलं नाही. मला त्या पिढीचा हा समंजसपणा तिच्या तलवारीइतकाच मोठा वाटतो.

‘स्वदेस’चं चित्रीकरण इथे झालं, म्हणून पुष्कळ जण फोटो काढायला येतात. जरूर या. फक्त भिंतींवर नावं कोरू नका, त्या चित्रांना हात लावू नका, आणि घाटावर प्लास्टिक टाकू नका.