पट्टीआडचा श्वास

बेंगळुरूच्या चिकपेट भागात चातुर्मासात भल्या सकाळी गेले, तर रेशमाची दुकाने अजून उघडलेली नसतात आणि अरुंद गल्लीतून शुभ्र वस्त्रांतील एखादा जैन मुनी अनवाणी चाललेला दिसतो. तो स्थानकवासी किंवा तेरापंथी असेल, तर त्याच्या तोंडावर आयताकृती पांढरी पट्टी असते, दोऱ्याने कानांवर अडकवलेली. ती मुहपत्ती. तिने त्या मुनीचे रक्षण होत नाही, तशी अपेक्षाही नाही. आपल्या उष्ण उच्छ्वासाने हवेतील सूक्ष्म जीव दुखावू नयेत, एवढ्यासाठी ती असते. पेठेतले हमाल, व्यापारी, घरात अजून मराठी बोलणारी भावसार कुटुंबे, सारेच हे दृश्य वर्षानुवर्षे पाहत आले होते. मार्च २०२० मध्ये या शहरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला, आणि थोड्याच आठवड्यांत सगळी पेठच तोंड बांधून वावरू लागली.

त्या वस्तूला मराठीने मुखपट्टी म्हटले. कन्नडमध्ये तिला मुखगवसु म्हणतात. तंबोऱ्यावर घालायच्या आपल्या गवसणीची ही सख्खी बहीणच वाटावी. आपल्या मुखवट्याला तिथे मुखवाड हा शब्द आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी दोन वस्तू वेगळ्या ठेवल्या. मुखवटा घातला की माणूस दुसरा कोणी होतो. गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’ नाटकात देवदत्त आणि कपिल यांची शिरे बदलतात ती मुखवट्यांच्या अदलाबदलीने, आणि प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. मुखपट्टीचे तसे नाही. ती बांधून माणूस तोच राहतो, फक्त अर्धा झाकला जातो. त्या वर्षी तर ओळखीची माणसे डोळ्यांवरून नि कपाळावरून ओळखावी लागत, आणि समोरचा हसला की नाही हे पापण्यांच्या कडांना विचारावे लागे.

वैद्यकाने ही पट्टी गांभीर्याने घेतली ती मांचुरियात. १९१०-११ साली तिथे फुप्फुसांचा प्लेग पसरला, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेल्या वू लिएन-तेह या तरुण डॉक्टराने हा रोग श्वासावाटे पसरतो असे ओळखून जाळीदार कापड व कापूस यांच्या पट्ट्या सक्तीच्या केल्या. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टराला हे पटले नाही. तो पट्टीवाचून रुग्णांजवळ गेला आणि काही दिवसांत त्याच रोगाने दगावला. बेंगळुरूनेही १८९८ साली प्लेग पाहिला होता. पण तो पिसवांमुळे पसरणारा, त्याला पट्टी काय करणार? शहराने तेव्हा दाट पेठांबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वस्त्या वसवल्या. त्यांच्या सरळ, झाडांच्या रस्त्यांवरून आज फिरणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यामागचा प्लेग आठवत असेल, कोण जाणे.

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने घरी शिवलेली पट्टी वापरण्याचा सल्ला दिला आणि शिवणयंत्रे खडखडू लागली. तयार कपड्यांच्या कारखान्यांचे हे शहर. चिंध्यांची तिथे ददात नाही. प्रथम जुन्या धोतराची, सुती ओढणीची पट्टी आली. पुढे लग्नसमारंभात शालूच्या काठाशी जुळणारी रेशमी पट्टी दिसू लागली. माणसाच्या या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही; संकटातही रंग जुळवावासा वाटणे हे जगण्याचेच लक्षण. खटकावी अशी एक वस्तू मात्र होती. झडप बसवलेली पट्टी महाग, म्हणून प्रतिष्ठेची ठरली. तिच्यातून आत येणारी हवा गाळली जाई, पण बाहेर पडणारा श्वास झडपेतून तसाच मोकळा सुटे. जुलै २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाला तिच्या विरोधात राज्यांना पत्र लिहावे लागले. चिकपेटेतल्या मुहपत्तीची ही नेमकी उलटी बाजू होती. दंडाचेही तसेच झाले. कर्नाटकात शहरी भागात पट्टी न बांधणाऱ्यास १००० रुपये दंड ठरला, आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये तो २५० वर आला.

कापडी पट्टी धुऊन वापरता येते, पण ती गाळते कमी. शस्त्रक्रियेच्या वेळची निळी पट्टी अधिक गाळते, कारण तिच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलिनचे अतिसूक्ष्म तंतू असतात, आणि ते प्लास्टिक मातीत लवकर कुजत नाही. जी पट्टी अधिक वाचवते तीच अधिक काळ मागे उरते. या पेचावर सोपे उत्तर नाही. निदान ती टाकावी कशी, याचे नियम होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले होते की वापरलेली पट्टी कागदी पिशवीत ७२ तास ठेवावी, मग कापून टाकावी. बेंगळुरूत २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून ओल्या कचऱ्याला हिरवा डबा, सुक्याला पिशवी आणि आरोग्यास घातक कचऱ्याला लाल डबा अशी रीतही होती. तरी त्या निळ्या पट्ट्या भाजीच्या देठांत, दुधाच्या पिशव्यांत, गटारांच्या जाळ्यांवर दिसत राहिल्या. चारचौघांत नाकावर नीट ओढलेली पट्टी घरी येताच कुठेही भिरकावली जाई.

ती उचलणाऱ्यांना या शहरात पौरकार्मिक म्हणतात. त्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यांतल्या बहुतेक दलित. पहाटे गाडी दाराशी येते, डबे रिकामे होतात, आणि ज्या घरात ओले-सुके वेगळे केलेले नसते तिथला कचरा त्या हातांनी निवडतात. करोनाच्या त्या काळात कुणाच्या श्वासाने ओलसर झालेली पट्टी देठांतून वेगळी काढताना तिची स्वतःची पट्टी घसरे, आणि ती मनगटाच्या मागच्या बाजूने पुन्हा नाकावर सारावी लागे, कारण बोटे कचऱ्याची असत.